नकाशावरचा लाल-निळा रंग माणसांचा की चौकटीचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने आपले मतदारसंघ मध्येच पुन्हा आखले. एरवी हे काम दहा वर्षांतून एकदा, जनगणना झाली की होतं. राज्याच्या ३८ पैकी २५ जागा रिपब्लिकन पक्षाकडे होत्याच, नव्या आखणीतून आणखी पाच मिळवायच्या होत्या आणि हा हेतू कुणी फारसा लपवलाही नाही. उत्तर म्हणून नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ५०' मंजूर केलं. तिथे साधारण तेवढ्याच जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळाव्यात असा नकाशा आला. तेव्हापासून रील्समध्ये लाल-निळ्या नकाशांचा पूर आलाय. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण रंग ज्या चौकटीत भरलाय ती चौकट कुणी आखली, हे क्वचितच कुणी विचारतं.

मतदारसंघाच्या वाकड्यातिकड्या रेषांवर भरपूर व्हिडिओ आहेत. मला त्याच्या खालच्या थराबद्दल लिहायचंय: प्रिसिंक्ट. मतदारसंघ ही भिंत धरली, तर प्रिसिंक्ट ही त्यातली वीट. मतं या पातळीवर मोजून जाहीर होतात, आणि त्याखाली कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त असल्यामुळे नकाशा करणाऱ्याला यापेक्षा बारीक खरा निकाल मिळतच नाही. म्हणजे फोनवर तुम्ही कितीही झूम केलं, तरी शेवटी दिसतो तो प्रिसिंक्टचा रंग.

ही वीट पाडतं कोण?

आपल्याकडे मतदार यादीचे 'भाग' असतात आणि प्रत्येक भागाला एक मतदान केंद्र असतं. प्रिसिंक्ट हा त्याचाच चुलतभाऊ. काहीशे ते काही हजार मतदार, एक हद्द, बहुतेकदा एक केंद्र. अमेरिकेत असे पावणेदोन लाखांच्या आसपास प्रिसिंक्ट आहेत. फरक असा, की तिथे आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळ्या देशाची निवडणूक घेणारी एक संस्था नाही. हद्दी स्थानिक अधिकारी आखतात, बहुतेक ठिकाणी काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर. कुणाकडे व्यवस्थित डिजिटल फाइल असते, कुणाकडे पीडीएफ, कुणाकडे फक्त 'अमुक रस्त्यापासून तमुक ओढ्यापर्यंत' असं वर्णन. २०१६ च्या निवडणुकीचा देशभराचा प्रिसिंक्टनिहाय नकाशा न्यूयॉर्क टाइम्सने छापला तो २०१८ मध्ये. त्यामागचा बराचसा डेटा राइन रोहला नावाच्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने काउंटी-काउंटीकडून गोळा केला होता. निकाल एका रात्रीत लागला, पण तो बारकाईने नकाशावर यायला पावणेदोन वर्षं गेली.

हद्द ठरवताना अधिकारी मतदारांची संख्या बघतो, केंद्रासाठी शाळा किंवा सभागृह कुठे आहे ते बघतो, रस्ता-नदी-रेल्वेलाइन अशी सहज ओळखू येणारी खूण बघतो. शक्यतो एका प्रिसिंक्टमधल्या सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळावी म्हणून शहर, शाळा-मंडळ, मतदारसंघ यांच्या रेषांशीही जुळवून घेतो. यात पक्षाचं नाव कुठेच येत नाही. पण अमेरिकी शहरांत हेच रस्ते आणि हेच रूळ गोऱ्यांची वस्ती आणि कृष्णवर्णीयांची वस्ती यांच्या मधून जातात. त्यामुळे निव्वळ सोयीसाठी रुळावर हद्द ठेवली, तरी एका बाजूला गडद निळा आणि दुसऱ्या बाजूला लाल आपोआप तयार होतो.

चार गल्ल्यांचं गणित

समजा चार गल्ल्या आहेत, प्रत्येकीत १०० मतदार. वरच्या दोन गल्ल्यांत निळ्या पक्षाला डावीकडे ९० आणि उजवीकडे ८० मतं. खालच्या दोन गल्ल्यांत डावीकडे २० आणि उजवीकडे १०. बाकी सगळी लाल. एकूण हिशेब २०० विरुद्ध २००, बरोबरी.

आता या चारांचे दोन प्रिसिंक्ट करा. रेघ आडवी मारली तर वरचा प्रिसिंक्ट १७०–३० ने निळा, खालचा १७०–३० ने लाल. बघणारा म्हणेल, 'केवढी फाटाफूट आहे इथे!' रेघ उभी मारली तर डावा ११०–९०, उजवा ९०–११०. बघणारा म्हणेल, 'सगळे मिळून-मिसळून राहतात.' एकाही माणसाने घर बदललेलं नाही, एकाही मताची अदलाबदल नाही.

भूगोलाच्या अभ्यासकांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. तुकडे किती मोठे आणि कुठे कापले यावर आकडेवारीचं चित्र बदलतं. मी रोज डिलिव्हरी झोनच्या डेटावर काम करते, तिथे हेच दिसतं. झोनची हद्द दोन गल्ल्या सरकवली की 'जास्त मागणीचा भाग' नकाशावरून गायब होतो, ऑर्डर मात्र तेवढ्याच येत असतात.

उलट्या टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो काउंटीचं. क्षेत्रफळ ५२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात चौदा गोवे बसतील. बहुतेक लोक राहतात नैर्ऋत्येच्या एका कोपऱ्यात, बाकी वाळवंट. २०२० मध्ये काउंटी बायडन यांनी जिंकली, त्यामुळे काउंटीच्या नकाशावर ते सगळं वाळवंट निळं झालं. देशाच्या पातळीवर हाच खेळ बहुतेकदा लाल रंगाच्या बाजूने होतो, कारण कमी वस्तीच्या विस्तीर्ण काउंट्या रिपब्लिकन आहेत. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी जवळजवळ पूर्ण लाल असा काउंटी-नकाशा ट्वीट केला, तेव्हा करीम दुइब या बेल्जियमच्या डेटा सायंटिस्टने त्याच काउंट्यांची मतांच्या प्रमाणात गोल टिंबं करून दाखवली आणि लाल समुद्र आटला. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाही असेल. पण टिंबांनी फक्त क्षेत्रफळाची फसगत सुटते, चार गल्ल्यांची नाही. टिंबसुद्धा कुठल्या तरी चौकटीचंच असतं.

फिलाडेल्फियातली ५९ शून्यं

२०१२ च्या निवडणुकीनंतर फिलाडेल्फिया शहराचे आकडे आले. तिथे प्रिसिंक्टला 'डिव्हिजन' म्हणतात आणि तेव्हा त्या १,६८७ होत्या. त्यांपैकी ५९ डिव्हिजनमध्ये ओबामांना मिळून १९,६०५ मतं, रॉम्नींना शून्य. एकही नाही. इंटरनेटवर लगेच 'हे अशक्य आहे, घोटाळा आहे' सुरू झालं, आणि आजही दर निवडणुकीला हा आकडा कुठून तरी वर येतो.

अशक्य आहे का, ते मोजून बघूया. १९,६०५ भागिले ५९ म्हणजे एका डिव्हिजनमध्ये सरासरी ३३२ मतं. आपल्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढा जीव. २०१२ च्या देशव्यापी एक्झिट पोलनुसार कृष्णवर्णीय मतदारांपैकी ९३ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं होतं. ही देशाची सरासरी झाली. फिलाडेल्फियातल्या जवळपास पूर्ण कृष्णवर्णीय वस्तीच्या गल्ल्यांत प्रमाण त्याहून वर असणार. समजा एखाद्या ठिकाणी ते ९९.५ टक्के आहे. तर ३३२ पैकी सगळ्यांनीच एका बाजूला मत देण्याची शक्यता निघते साधारण १९ टक्के, म्हणजे अशा दर पाच डिव्हिजनमागे एकीत शून्य. शहरात अशा ३०० डिव्हिजन धरल्या, तर ५७ ठिकाणी शून्य यावं. हे ३०० आणि ९९.५ मी गणितापुरते धरलेत. मुद्दा एवढाच, की ५९ हा आकडा आभाळातून पडलेला नाही. शिवाय या गणितात प्रत्येक मत स्वतंत्र धरलंय. खऱ्या गल्लीत एकाच घरातले, एकाच चर्चमधले लोक एकमेकांशी बोलतात, त्यामुळे शून्याची शक्यता वाढतेच. २००८ मध्येही याच शहरात मॅकेन यांना ५७ डिव्हिजनमध्ये शून्य मिळालं होतं.

आता चौकट बदला. पाच-पाच डिव्हिजन जोडून १,६६० मतांचा एक तुकडा केला, तर त्याच ९९.५ टक्क्यांनी शून्य येण्याची शक्यता होते दहा हजारांत दोन-तीन. शून्यं जवळजवळ पुसली जातात. फिलाडेल्फियाने आपल्या डिव्हिजन बारीक ठेवल्या म्हणून ती दिसली. दुसऱ्या एखाद्या शहरात तसेच लोक, तशीच मतं, पण प्रिसिंक्ट पाचपट मोठा असता तर ही बातमीच झाली नसती.

हे वाचताना सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवलं असेल. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरस मतदारसंघात उत्तमराव जानकर जिंकले, पण या एका गावात विरोधी उमेदवार राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. गावातल्या जानकर समर्थकांना हे पटलं नाही, त्यांनी कागदी मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण वाद गावापर्यंत पोचू शकला, कारण आपल्याकडे केंद्रनिहाय मतं 'फॉर्म २०' मध्ये जाहीर होतात. कागदी मतपत्रिकांच्या काळात ठरावीक मतदारसंघांत अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय नियमात होती, म्हणजे कुठल्या गावाने काय केलं हे झाकलं जायचं. ईव्हीएमने ती चौकट उघडी केली. एका केंद्राचं एक यंत्र, एक आकडा. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' आणावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही दुजोरा दिला, पण ते आलेलं नाही. मला स्वतःला बारीक आकडे हवेसे वाटतात, कारण घोळ झाला तर तो तिथेच सापडतो. पण 'तुमच्या वाडीने आम्हाला मत दिलं नाही, आता पाण्याचा टँकर विसरा' हे ऐकणाऱ्याला माझी ही हौस परवडेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वीट न फोडता भिंत वाकडी

परत अमेरिकेत. मतदारसंघ आखणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रिसिंक्टला मागच्या निवडणुकांच्या मतांवरून एक रंग दिलेला असतो. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ मध्ये नवा नकाशा करताना थॉमस हॉफेलर या सल्लागाराने राज्यभरातल्या सात जुन्या निवडणुकांची सरासरी काढून हे रंग भरले, हे पुढे कोर्टात समोर आलं. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाला ५३ टक्के मतं आणि १३ पैकी १० जागा मिळाल्या.

गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) हा नकाशा कागदावर अगदी सभ्य होता. राज्यातल्या सुमारे २,७०० प्रिसिंक्टपैकी जेमतेम डझनभर त्याने तोडले, आधीच्या नकाशाने कितीतरी जास्त तोडले होते. 'आम्ही प्रिसिंक्ट अखंड ठेवले' हे त्याच्या बाजूने सांगितलंही गेलं. पण विटा अखंड ठेवल्याने भिंत सरळ होत नाही. उलट प्रत्येक विटेचा रंग नेमका माहीत असेल, तर ती न फोडणंच सोयीचं, कारण फोडली की अंदाज करावा लागतो. २०१९ मध्ये 'रूचो' खटल्यात सुप्रीम कोर्टाने पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय न्यायालयांनी पडू नये असा निकाल दिला.

याच गोष्टीची दुसरी बाजू १९९६ च्या 'बुश विरुद्ध वेरा' खटल्यात दिसते, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी हा खटला वाचावाच. टेक्ससने १९९० च्या जनगणनेनंतर नकाशा केला तेव्हा त्यांच्या प्रोग्राममध्ये वंशाचा डेटा अगदी ब्लॉकपर्यंत, म्हणजे चार रस्त्यांमधल्या चौकोनापर्यंत होता. मतदानाचा डेटा मात्र प्रिसिंक्टपर्यंतच. नकाशात ठिकठिकाणी प्रिसिंक्ट ब्लॉकनुसार चिरलेले होते. राज्याचा बचाव होता की आम्ही राजकारण बघून रेषा मारल्या. कोर्टाने विचारपूस केली ती डेटाबेसच्या रचनेची: प्रिसिंक्टच्या आत राजकीय माहिती तुमच्याकडे नव्हतीच, वंशाची होती, मग आत रेषा कशाच्या आधारावर मारली? तीन मतदारसंघ रद्द झाले. कुठल्या टेबलात कुठला कॉलम आहे, यावरून हेतू सिद्ध झाला.

मात्र प्रत्येक विचित्र निकालामागे हॉफेलर असतोच असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन उमेदवारांना राज्यभरात अनेकदा ३० टक्क्यांहून जास्त मतं मिळतात, पण १९९६ पासून केंद्रीय प्रतिनिधिगृहाची एकही जागा नाही. मून डचिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथली प्रिसिंक्ट आणि गावांची मतं घेऊन तपासलं. काही निवडणुकांच्या आकड्यांवर त्यांना आढळलं, की नऊपैकी एकही रिपब्लिकन बहुमताचा मतदारसंघ बांधताच येत नाही. विटा कशाही रचा. कारण तिथला लाल रंग दुधात पाणी मिसळावं तसा सगळीकडे सारखा पसरलाय. फिलाडेल्फियात निळा एका जागी साकळलाय, तिथे दुसरंच नुकसान होतं: एकाच मतदारसंघात मतं गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतात आणि शेजारी उपयोगी येत नाहीत. जोवेई चेन आणि जोनाथन रॉडन यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडाचे प्रिसिंक्ट कॉम्प्युटरने पक्ष न बघता जोडून दाखवलं, की नुसत्या अशा वस्तीमुळेही निकाल रिपब्लिकन बाजूला झुकतो. म्हणून 'मतं इतकी आणि जागा इतक्याच' एवढ्यावरून लगेच लबाडी झाली असं म्हणता येत नाही. त्याच विटांच्या हजारो निःपक्ष रचनांशी तुलना करावी लागते.

चौकटच काढून टाकली तर?

हार्वर्डमधल्या जेकब ब्राउन आणि रायन एनोस यांनी २०२१ मध्ये तेच केलं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहिता येतो आणि ती यादी मिळवता येते (आपल्याला हे ऐकूनच घाम फुटेल). जिथे पक्षाची नोंद नसते तिथे अंदाज बांधावा लागतो. त्यांनी १८ कोटी मतदारांचे पत्ते घेऊन प्रत्येकाचे सर्वात जवळचे हजार शेजारी कोणत्या पक्षाचे आहेत ते मोजलं. कुठली हद्द नाही, फक्त अंतर. उत्तर आलं, की फाटाफूट खरीच आहे. बऱ्याच मोठ्या संख्येने लोक अशा ठिकाणी राहतात जिथे दुसऱ्या पक्षाचा शेजारी जवळपास भेटतच नाही. म्हणजे प्रिसिंक्टचे नकाशे साफ खोटं बोलत नाहीत, फक्त एखाद्या विशिष्ट रेषेवर रंग अचानक बदलतो ते बऱ्याचदा त्या रेषेचं काम असतं.

आणखी एक भानगड काळाची आहे. प्रिसिंक्टच्या हद्दी दोन निवडणुकांच्या मध्ये बदलतात. 'मागच्या वेळेपेक्षा किती टक्के सरकले' हे बाण काढायचे, तर जुनी मतं नव्या चौकटीत ओतावी लागतात, आणि ती ओततात लोकसंख्येच्या प्रमाणात. समजा जुन्या प्रिसिंक्टमध्ये ३६० निळी आणि २४० लाल मतं होती आणि त्याचे दोन सारखे तुकडे झाले. सॉफ्टवेअर दोघांना १८०–१२० देणार. प्रत्यक्षात एका तुकड्यात निळ्या मतदारांची मोठी इमारत असेल, तर पुढच्या निकालात तो तुकडा 'डावीकडे झुकला' आणि दुसरा 'उजवीकडे झुकला' असं दिसेल. कुणीच झुकलेलं नसतं. त्यात टपाली मतं: २०२० मध्ये अमेरिकेत ४० टक्क्यांहून जास्त लोकांनी टपालाने मत दिलं, आणि काही ठिकाणी ती मतं प्रिसिंक्टनुसार वाटून न दाखवता काउंटीच्या एका ढिगात दाखवतात. नकाशावाले मग ती अंदाजाने वाटतात किंवा तो भाग राखाडी सोडतात. मला राखाडी सोडणारे जास्त विश्वासाचे वाटतात.

टेक्ससच्या नव्या नकाशाचा जीव याच फाइलमध्ये अडकलाय. त्याविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने तो तूर्त वापरायला मुभा दिली. अपेक्षित पाच जागांपैकी काहींचं गणित दक्षिण टेक्ससच्या, मेक्सिको सीमेलगतच्या हिस्पॅनिक वस्त्यांवर उभं आहे. तिथली स्टार काउंटी २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ७९ टक्क्यांनी जिंकली होती, २०२० मध्ये बायडन यांना तिथे जेमतेम ५२ टक्के मिळाले, आणि २०२४ मध्ये ती ट्रम्प यांच्याकडे गेली. १८९२ नंतर पहिल्यांदाच तिने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. २०२४ चे आकडे भरलेल्या फाइलमध्ये हे प्रिसिंक्ट लाल दिसतात, २०१६ ची फाइल उघडली तर तेच गडद निळे.